बोलून रडणाऱ्या बायका

१७ जुलै १९४७. आषाढातली अवस, आमच्या अलिबागकडे जिला गटारी म्हणतात. मुंबईला पोटामागे गेलेली माणसं त्या दिवशी गावी यायची. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीत आजीचा थोरला भाऊ होता. काशाच्या खडकाजवळ वादळवाऱ्यात बोट एका अंगावर कलली, भेदरलेली माणसं एकावर एक आदळली आणि बघता बघता बोट गेली. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. वाचलेला कुणी काठाला लागेपर्यंत मुंबईला पत्ताच नव्हता. मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी पाण्यात लोटून माणसं वर घेतली, असं आजी सांगायची. तिच्या भावाचा देहही हाती लागला नाही.

ती तेव्हा सणाला माहेरी आलेली होती, रेवसजवळच्या गावात. पुढचे कित्येक दिवस किनाऱ्यावरच्या घराघरांतून बायका रडत होत्या, पण बोलून. हेल काढून, गेलेल्याला समोर बसवल्यासारखं त्याच्याशी बोलत. त्यात नुसतं कौतुक नसे. त्याची उधारी असे, त्यानं उगारलेला हात असे, राहून गेलेलं लुगडं असे. आजी म्हणाली होती, ‘दादूस, माझ्या लग्नात रुसून बसलास, जेवलासुद्धा नाहीस. आभाळ दिसत नव्हतं तुला? चढलासच कशाला त्या बोटीत? आता आईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?’ कोणी तिला गप्प केलं नाही. म्हाताऱ्या बायका पाठीवर हात ठेवून ‘बोल, बाय, बोल’ म्हणत राहिल्या.

देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तसंच केलं. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा पुरुषांनी एकेक वचन दिलं: आईला सांभाळू, कर्ज फेडू. तरी शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

मग ती दादरच्या चाळीत, सासरी परतली. तिथे पहिल्याच रात्री तिनं हेल काढला आणि आजोबा म्हणाले, ‘पुरे आता. शेजारी ऐकतात.’ ते दुष्ट नव्हते. चाळीत भिंतीला भिंत, आणि चांगल्या घरातली बाई गळा काढत नसते अशीच त्यांची समजूत. १५ ऑगस्टला चाळीत पेढे वाटले गेले. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून हसतमुखानं सगळ्यांच्यात उभी राहिली. तेव्हापासून तिला ‘धीराची बाई’ म्हणू लागले. त्या कौतुकाची मला आजही चीड येते.

आपल्या रीतभातीत माया नाही असं नाही. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलंभात येतो. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही एवढं भान लहान मुलांनाही असतं. पण तोंडानं आपण काय बोलतो? सुटले. सोनं झालं. देवमाणूस होते. देवमाणसासाठी रडता येत नाही, रडावं लागतं ते माणसासाठी, आणि त्याला तर आपण पहिल्याच दिवशी पुसून टाकतो.

आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्यांना खाली ठेवलं होतं, उदबत्ती लावली होती, येणारे हात जोडून हलक्या आवाजात बोलत होते. आजी उठली, त्यांच्या उशाशी बसली आणि तिनं हेल काढला. जुना, खाडीकाठचा. ‘अहो, माझा भाऊ बुडाला तेव्हा चार दिवस रडू दिलं असतं तर काय गेलं असतं तुमचं? शेजाऱ्यांचं ऐकलंत, माझं नाही ऐकलंत. बाळंतपणात रात्र रात्र माझे पाय चेपलेत, तेही सांगते. पण हेही सांगते.’ आत्या धावत आली, ‘आई, लोक आहेत,’ म्हणाली. आजीनं तिचा हात बाजूला सारला. बोलत राहिली: पगाराच्या पाकिटाचं, एका गहाण पडलेल्या पाटलीचं, माहेरी न धाडलेल्या सणांचं, तिच्या आजारपणात त्यांनी केलेल्या भाताचं.

दारातले पुरुष चपला घालून जिन्यात गेले. बायका मात्र एकेक करून आत आल्या, आजीभोवती बसल्या. समोरच्या खोलीतल्या काकूंना विधवा होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि स्वतःच्या नवऱ्याला हाक मारली.