बसायला जागा

गेल्या वेळी पेशवाईतल्या टपालावर लिहीन असं कबूल केलं होतं. रिलीजच्या धावपळीत ते राहिलं आणि आता डोक्यात दुसरंच घोळतंय. तेव्हा टपाल पुन्हा कधीतरी.

नोकरी लागली तेव्हा मी बावीसचा. कोपरगावहून थेट डोंबिवली पूर्व, चौघांत मिळून एक वन-रूम-किचन. ऑफिस ऐरोलीला, म्हणजे ठाण्याला गाडी बदला. चौघांच्या शिफ्टा वेगळ्या, त्यामुळे एकमेकांची ओळख म्हणजे दोरीवर वाळणारे टॉवेल. आमच्यातला एकजण (त्याला रूमी म्हणू) रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग लावून निघायचा आणि रात्री आठला दमून परत यायचा. तीन-चार महिन्यांनी भाडं थकलं तेव्हा कळलं, की त्याची नोकरी केव्हाच गेली होती. मग हा रोज जायचा कुठे? तर ठाण्याला उतरून एका वाचनालयात. पेपर वाचायचे, दुपारी वडापाव, पुन्हा आत.

"तिथेच का?" मी विचारलं.

"तिथे कोणी विचारत नाही, कशाला आलास म्हणून."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. दोरीवरच्या टॉवेलांची लाज वाटली, एवढं खरं. पुढच्या रविवारी ती जागा बघायला गेलो आणि पाटीवरचं साल बघून दचकलो. मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे. स्थापना १ जून १८९३.

१८९३! पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ते हेच साल. आपल्याकडे वाचनालयं त्याआधीही होती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४चं. गावोगावी 'नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या' निघाल्या होत्या, पण त्यांचा तोंडवळा साहेबी. कपाटांत इंग्रजीचा भरणा. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक एका छपराखाली आणायचं, हा उद्योग ठाण्यातल्या दोघांनी आरंभला. एक विष्णु भास्कर पटवर्धन आणि दुसरे विनायक लक्ष्मण भावे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ साली निघालं.

आता भाव्यांची जन्मतारीख बघा : ६ नोव्हेंबर १८७१. म्हणजे ग्रंथसंग्रहालय सुरू झालं तेव्हा हा मुलगा एकवीस वर्षांचा! (अहो-जाहो करायला हवं, कळतंय. पण आमच्या फ्रेशर्स बॅचपेक्षा लहान माणसाला जीभ रेटत नाही.) मी एकवीसचा असताना केटी सोडवत होतो.

हा मुलगा ग्रंथांकडे वळला कसा? तर शाळेत असताना जनार्दन बाळाजी मोडक भेटले. हे मोडक म्हणजे 'काव्येतिहाससंग्रह' या १८७८ साली निघालेल्या मासिकाचे एक संपादक. जुन्या बखरी, जुन्या कविता धुळीतून उचलून छापणारी मंडळी ही. त्यांच्यामुळे भाव्यांना जुन्या मराठी काव्याची गोडी लागली. पण खरी गंमत पुढे आहे. भावे शिकले विज्ञान, बी.एस्सी. झाले, पोटापाण्याला केला मिठाचा धंदा, आणि आयुष्यभर काम केलं ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचं. 'महाराष्ट्र सारस्वत'चं पहिलं रूप १८९८च्या सुमारास आलं, तेव्हा ते सत्तावीसच्या आसपास होते. पुढे 'महाराष्ट्र कवि' नावाचं मासिक काढून जुन्या कवींचं अप्रकाशित काव्य छापलं. 'सारस्वत'ची बरीच वाढवलेली आवृत्ती १९१९ साली आली. दिवसा मिठागराचा हिशेब आणि उरलेल्या वेळात पोथ्या. वीकेंडला इतिहासावर लिहिणाऱ्या आयटीवाल्याला हा माणूस का आवडतो, ते सांगायला नकोच.

आता उगाच भलता अर्थ काढायला नको. भावे-पटवर्धनांनी एकट्या पडलेल्या तरुणांसाठी वगैरे काही काढलं नव्हतं. त्यांना पुस्तकं जमवायची होती. पण पुस्तकं ठेवायची तर खोली लागते, खोलीत टेबल-खुर्च्या आल्या, आणि खुर्ची आली की माणूस येऊन बसतोच. शतकभरानंतर त्यातल्या एका खुर्चीवर नोकरी गेलेला एक पोरगा येऊन बसणार होता, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

ठाणं, कल्याण ही जुनी गावं. तलाव आहे, खाडी आहे, वाडे होते. डोंबिवलीचं तसं नाही. गिरगाव, दादर, परळच्या चाळींत जागा पुरेनाशी झाली, तशी माणसं गाडीच्या रुळांवरून इकडे येत राहिली. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. यातली कामावर जाणारी कितीतरी माणसं दिवसा गावात नसतातच. आई-बाप सात वाजता बाहेर, रात्री आठ-नऊला घरी. मग त्यांच्या पोरांनी भेटायचं कुठे? घरात दोन खोल्या, तिथे मित्र आला की बाबांना पेपर घेऊन गॅलरीत बसावं लागतं.

पोरांनी उत्तर स्वतःच शोधलं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर, उजाडता उजाडता, फडके रोड. रस्त्याच्या टोकाला गणेश मंदिर. त्याचं संस्थान १९२४चं. दर्शन घ्यायचं आणि मग रस्त्यावर नुसतं उभं राहायचं. मोबाईल नव्हते तेव्हा शाळा-कॉलेजं संपल्यावर पांगलेल्यांना भेटायची ही पक्की वेळ आणि पक्की जागा होती. पत्रिका नाही, संयोजक नाही. गाण्यांचे कार्यक्रम आणि व्यासपीठं नंतर आली, राजकीय पक्षांचे बॅनर तर त्याहून नंतर. (बॅनरवरच्या चेहऱ्यांना तिथे कोणी भेटायला येत नाही, पण हे त्यांना कोण सांगणार!) याच गणेश मंदिर संस्थानने १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि ती कल्पना पुढे ठाण्या-गिरगावापर्यंत पोचली. पण स्वागतयात्रेला चित्ररथ लागतात, ढोल लागतात, बैठका लागतात. फडके रोडला फक्त नवा कुर्ता.

माझी पहिली दिवाळी तिथे वाईट गेली. सपोर्टमुळे सुट्टी नाही, गावाला जाता आलं नाही. हजारो पोरं-पोरी, जो तो कुणाला तरी मिठी मारतोय आणि मी आप्पा दातार चौकात हातात चहा घेऊन उभा. गर्दीत एकटं असणं खोलीत एकटं असण्यापेक्षा जास्त बोचतं. तेव्हा जागा असली की झालं, असंही नाही. कुणीतरी सरकून चौथी सीट द्यावी लागते, लोकलमध्ये देतात तशी.

सल्ला देणारे मात्र आपल्याकडे पैशाला पासरी. म्हणून ठाण्यातल्या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतात. एक, महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था, १९८७ची. नळ-गटारं बघणाऱ्या महापालिकेने स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांसाठी काही काढावं, याचं तेव्हा नवलच असणार. दुसरी, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आणि तिचा 'वेध' हा उपक्रम. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे 'डोक्यावर परिणाम' असं समजायच्या त्या काळात 'वेध'ने काय केलं, तर निरनिराळ्या क्षेत्रांतल्या माणसांना स्टेजवर बसवून गप्पा मारल्या. भाषण नाही, मुलाखत. समोरचा माणूस आपण कुठे चुकलो तेही सांगतो आणि खालच्या पोराला वाटतं, अरे, याचंही असंच झालं होतं की! मोडकांनी तरी छोट्या भाव्याला करिअर काउन्सेलिंग थोडंच केलं असणार? स्वतःला वेड होतं, ते लागलं.

रूमीला पुढे काम मिळालं. कुणी दिलं? वाचनालयात समोर बसून रोज शब्दकोडं सोडवणारे एक पेन्शनर काका होते. दोन महिने फक्त "आडवा सात येतोय का रे?" एवढंच बोलणं. मग एक दिवस त्यांनी विचारलं, कॉम्प्युटरचं काही येतं का, भाच्याला माणूस हवाय. भाचा वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप चालवायचा. वर्षभर रूमीने तिथे बिलिंग सांभाळलं, मग पुन्हा आयटीत.

आता तो पुण्यात असतो, लग्न झालंय. दिवाळीला डोंबिवलीत येतो, आदल्या रात्री माझ्याकडेच टेकतो. काका चार वर्षांपूर्वी गेले. २०२० साली कोविडमुळे गर्दी करू नका म्हणून सांगितलं होतं, ती एक सोडली तर आमची दिवाळी चुकलेली नाही. गेल्या खेपेला चौकात आमच्या बाजूला एक पोरगा हातात चहा घेऊन नुसता उभा होता. नांदेडचा निघाला. सातच्या सुमारास आम्ही तिघं पोहे खायला गेलो. पैसे त्याने दिले, ऐकेचना.