बारामतीचा नाईकांचा वाडा

कऱ्हेच्या कांठीं बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांचा जुना वाडा आहे, त्यास लोक 'भुईकोट' म्हणतात. तट, बुरूज व भक्कम दरवाजा पाहतां हें नांव साहजिक वाटतें. परंतु आमच्या मतें हें मुळांत सावकाराचें घर होय. तें किल्ल्यासारखें कां झालें, हाच येथें विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

नाईकांचें घराणें मूळचें कोंकणांतील केळशीचें व सावकारी करणारें. बाबूजींचे बंधु आबाजी नाईक यांस बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई दिली होती. म्हणजे पेशव्यांशीं सोयरीकही होती व देणेंघेणेंही होतें. २८ एप्रिल १७४० रोजीं थोरले बाजीराव रावेरखेडीस वारले. तेव्हां रघूजी भोसल्यांनीं पेशवेपदासाठीं बाबूजींचें नांव पुढें केलें व शाहू महाराजांपुढें मोठ्या नजराण्याची गोष्ट निघाली. महाराजांनीं वस्त्रें बाळाजी बाजीरावांसच दिलीं. मग बाबूजींनीं बाजीरावांकडील कर्जाचा तगादा लावला. महादजीपंत पुरंदऱ्यांनीं आपली पत खर्चून तें देणें वारलें. पेशव्यांसही ज्याच्या तगाद्याची चिंता पडावी, त्याच्या घरीं रोकड व गहाणवट किती असेल, हें सांगणें नको. तट आहे तो त्यांच्या रक्षणासाठीं. इंदापुरास मालोजीराजांची म्हणून दाखवितात ती गढी याहून वेगळी: ती परगण्यावर अंमल चालविण्याची जागा. दोन्हींस बुरूज असले तरी प्रयोजन भिन्न.

तरी वाड्याची कीर्ति द्रव्यामुळें टिकली नाहीं. पन्हाळ्यास १७२९ सालीं जन्मलेले मोरोपंत पराडकर नाईकांच्या आश्रयास येऊन पुराण सांगूं लागले. आर्याभारत व केकावली रचणारा हा कवि शके १७१६ च्या चैत्री पौर्णिमेस, म्हणजे १५ एप्रिल १७९४ रोजीं, बारामतीसच वारला.

पुढें वाड्यांत सरकारी कचेऱ्या आल्या. आम्ही संग्राहक अशा ठिकाणीं पोथी दिसली कीं उचलतों. रोजकीर्द, खतावणी व कर्जरोखे मात्र रद्दींत जाऊं देतों. आम्हीं स्वतः आयुष्यभर संस्कृत पोथ्याच उलगडल्या व वह्यांच्या गठ्ठ्यांकडे पाठ केली. तो दोष पदरीं घेऊनच हें लिहितों. दगड किती आणले, गवंड्यास काय दिलें, बुरूज कोणत्या सालीं चढला, हें आर्या सांगत नाहीं, रोजकीर्द सांगते. बारामती व इंदापूर तालुक्यांत कोणाच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील, तर वाळवीच्या आधीं ते आपण गांठावे.