बेचाळीस नंबरची तार

इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की किल्ले, बखरी, तहनामे अशी अपेक्षा असते. आज आपण एका तारेच्या नंबरापासून सुरुवात करू.

आम्ही तिघं. एक उल्हासनगरचा, एक अंबरनाथचा, एक बदलापूरचा. कर्जत लोकलमधली ओळख, आणि रविवारी बेस गिटारी उघडून बसायचा नाद. एका जुन्या, स्वस्तातल्या बेसचा पिकअप गेला होता. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची कॉइल. वरची तार थरथरली की कॉइलमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते आणि ती अँप्लिफायरकडे जाते. म्हटलं, घरीच गुंडाळू. अमेरिकन पुस्तकात लिहिलं होतं, ४२ गेजची एनॅमलची तार, हजारो फेरे. कॅम्पातल्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात ४२ नंबर मागितला, तो मिळाला. दोन संध्याकाळी खर्ची घातल्या. बॉबिन गच्च भरली, पण फेरे निम्मेही झाले नाहीत. जिथे सात-आठ किलोओहम दिसायला हवेत तिथे मीटर दीडच्याही खाली. आवाज आला, पण रजईखालून यावा तसा.

चूक दुकानदाराची नव्हती. बेचाळीस दोन आहेत, हे आम्हाला माहीत नव्हतं!

तार साच्याच्या भोकातून ओढून बारीक करतात. जितक्या वेळा ओढली तितका नंबर मोठा आणि तार बारीक, असा जुना हिशेब. प्रत्येक कारखान्याचा नंबर वेगळा असायचा. अमेरिकेत ब्राउन अँड शार्प कंपनीने १८५७ मध्ये आपलं कोष्टक आणलं आणि ते तिथे रुळलं. ब्रिटनने १८८४ पासून स्वतःचं प्रमाण कायद्याने लागू केलं, आणि राज्य त्यांचं म्हणून तेच आपल्याकडे आलं. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. ब्रिटिश ४२ म्हणजे ०.१०२. अमेरिकन बेचाळीसच्या जवळचा ब्रिटिश नंबर आहे ४६. आपण १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने मेट्रिक झालो खरे, पण वाइंडिंगच्या गल्लीत आजही बोली गेजचीच चालते.

इलेक्ट्रिक बेस हे वाद्य तरी कुठून आलं? कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. माणसाएवढ्या डबल बेसऐवजी गळ्यात अडकवता येईल असं वाद्य, आणि फ्रेट असल्यामुळे सूर नेमका, म्हणून नाव प्रिसिजन. पुढे वाजवणारेच ते बदलू लागले. बिल वायमन यांनी १९६१ च्या सुमारास एका बेसचे फ्रेट उपटून काढले. जॅको पास्टोरियस यांनी फ्रेटच्या खाचा लाकडी लांबीने बुजवून त्यावर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला. म्हणजे वाद्याचा जन्म दुरुस्तीच्या दुकानातला आणि पुढची वाढ घरच्या टेबलावरची.

दुरुस्तीची दुकानं आमच्या पट्ट्याला नवी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहिली आणि १९४९ मध्ये तिचं नाव उल्हासनगर झालं. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकला असेल. आम्हाला तो अर्धवट वाटतो. नक्कल करायची तर अस्सल वस्तू आधी उघडून समजून घ्यावी लागते, हे हसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

फसलेली कॉइल घेऊन आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. काकांनी ती हातात फिरवली आणि विचारलं, "बेंजो का है क्या?" आम्ही म्हटलं, नाही, गिटारचा. "एकही बात है. छियालीस लो."

इथे आमचा अहंकार उतरला. आम्हाला वाटत होतं, या भागात पिकअप गुंडाळणारे आपण पहिले. आता बेंजो म्हणजे अमेरिकन बॅन्जो नव्हे, बुलबुल तरंग. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारख्या कळा असलेलं ताइशोगोतो बनवलं. ते भारतात आलं आणि बुलबुल तरंग झालं. सिंध-बलुचिस्तानात त्यालाच बेंजू म्हणतात, आणि आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी. ढोल-ताशापुढे त्याची किणकिण टिकेना, म्हणून तारांखाली पिकअप बसवले गेले. हे काम कुणा फेंडरने नव्हे, वाजवणाऱ्यांनी आणि वाइंडिंगवाल्यांनी केलं. वाद्यांच्या इतिहासात त्यांचं नाव शोधून पाहा, सापडत नाही.

४६ नंबरने पिकअप बोलला. पण आणखी एक खोडी होती. आपल्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. बेसच्या सर्वात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी सूर येतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरातली वीज आमच्या बेसवर अखंड, किंचित चढा जी वाजवत असते! आतून तांब्याची पट्टी चिकटवून अर्थिंग दिलं, तेव्हा चरचर गेली, घुमणं राहिलं. शेवटी दोन पिकअपपैकी एक उलट्या दिशेने गुंडाळून त्याचं चुंबकही उलटं बसवलं. आता दोन्ही सारखे उघडले की घुमणं एकमेकांत जिरतं. फेंडर कंपनीने १९५७ मध्ये पिकअप दुभागून हीच युक्ती वापरली होती.

काकांकडे फेऱ्यांची वही नाही. तार किती ताणून धरायची ते बोटात आहे. मिरवणुकीत डीजे आल्यापासून बेंजोच्या कॉइली कमी येतात, असं ते म्हणतात. सध्या आम्ही रविवारी त्यांच्याशेजारी बसतो. ते गुंडाळतात, आम्ही फेरे मोजून लिहितो. आतापर्यंत अकरा कॉइलींची नोंद झाली आहे. प्रश्न असतील तर विचारा.