किल्ली, स्वाक्षरी आणि अधिकार : संगणक आज्ञावलीकारांची दृष्टी व ख्रिस्ती शिकवण

येरुशलेमच्या मंदिरात प्रभू येशू शिक्षण देत असताना मुख्य याजक व वडीलजन त्याच्यापाशी आले. हे सर्व तू कोणत्या अधिकाराने करतोस आणि हा अधिकार तुला कोणी दिला, असे त्यांनी त्याला विचारले (मत्तय २१:२३). सुमारे दोन हजार वर्षांनंतर हेच दोन प्रश्न संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोक रोज विचारतात. हा संदेश पाठवणारा खरोखर कोण आहे? आणि त्याला ओळखपत्र देणाऱ्यावर आपण का विश्वास ठेवावा?

वसई, मुंबई व पुणे येथील आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण-तरुणी आज या क्षेत्रात काम करतात. त्यांच्या व्यवसायात पदाच्या जोरावर कोणाचे म्हणणे मान्य होत नाही. ते तपासून पाहावे लागते. मग श्रद्धेच्या बाबतीतच अधिकार का मानावा, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला तर त्यांना उद्धट म्हणून गप्प करणे योग्य नव्हे. या विषयाची ओळख व्हावी, यासाठी ही माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अविश्वासाची परंपरा

अमेरिकन पत्रकार स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ साली 'हॅकर्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. 'हॅकर' या शब्दाचा मूळ अर्थ संगणकात चोरी करणारा असा नव्हे. कठीण प्रश्न आनंदाने व कौशल्याने सोडविणारा, असा आहे. या मंडळींच्या अलिखित आचारसंहितेत लेव्ही यांना एक कलम स्पष्ट आढळले : अधिकारावर विश्वास ठेवू नये, सत्तेचे विकेंद्रीकरण करावे. १९९२ साली इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळाच्या सभेत डेव्हिड क्लार्क यांनी हीच भूमिका मांडली. राजे, राष्ट्राध्यक्ष व मतदान हे सर्व नाकारून ढोबळ सहमती आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली यांवरच आपण विश्वास ठेवतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

१९९७ साली एरिक रेमंड यांनी 'कॅथीड्रल आणि बाजार' या निबंधात सॉफ्टवेअर घडविण्याच्या दोन रीतींची तुलना केली. मोजक्या कारागिरांनी बंद दाराआड उभारलेली रचना म्हणजे कॅथीड्रल. सर्वांनी येऊन उघडपणे हातभार लावलेली रचना म्हणजे बाजार. लेखकाचा कल बाजाराकडे होता. रूपकासाठी त्यांना कॅथीड्रलच सुचावे, यातून या वर्गाच्या मनातील ख्रिस्तसभेची प्रतिमाही दिसते.

तथापि सर्वच आज्ञावलीकार श्रद्धेपासून दूर आहेत, असे समजणे चुकीचे ठरेल. संगणकशास्त्रातील थोर पंडित डोनाल्ड कनूथ हे लूथरन पंथीय आहेत. बायबलच्या बहुतेक पुस्तकांतील तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनाचा अभ्यास करून त्यांनी एक ग्रंथ लिहिला, आणि १९९९ साली श्रद्धा व संगणकशास्त्र या विषयावर एमआयटी या संस्थेत व्याख्याने दिली. १९८७ साली 'पर्ल' ही संगणकभाषा देणारे लॅरी वॉल हेही ख्रिस्ती. बायबलच्या भाषांतरकार्यास उपयोगी पडावे म्हणून त्यांनी भाषाशास्त्राचे शिक्षण घेतले होते. मत्तयच्या शुभवर्तमानातील मोलवान मोत्याच्या दाखल्याचा संदर्भ 'पर्ल' या नावामागे आहे.

कूटलेखन : गुप्तता आणि ओळख

कूटलेखन म्हणजे ज्याच्यासाठी मजकूर आहे त्यालाच तो वाचता यावा अशी योजना. ती पवित्र शास्त्रालाही परकी नाही. यिर्मयाच्या ग्रंथात (२५:२६ व ५१:४१) 'शेशख' असे एक नाव येते. हिब्रू वर्णमालेतील पहिल्या अक्षराऐवजी शेवटचे, दुसऱ्याऐवजी उपान्त्य, अशी अदलाबदल केली की 'बाबेल'चे 'शेशख' होते. आपल्याकडे 'अ'च्या जागी 'ज्ञ' लिहावा, तशीच ही रीत.

पुढे या शास्त्रात ख्रिस्तसभेच्या सेवकांनी मोठी भर घातली. पोपच्या कचेरीत अनेक वर्षे काम केलेले लिओन बत्तिस्ता अल्बेर्ती यांनी पंधराव्या शतकात फिरत्या चकतीची पद्धत सांगितली. बेनेडिक्टाइन मठाधिपती योहानेस त्रिथेमियस यांचा 'पोलिग्राफिया' (१५१८) हा या विषयावरील पहिला छापील ग्रंथ मानला जातो. त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथावर मात्र जादूटोण्याचा संशय येऊन १६०९ साली तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. तो कूटलेखनाचाच ग्रंथ असल्याचे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. न समजलेल्या गोष्टीवर निर्णय देण्याची घाई अधिकाऱ्यांच्या हातूनही होते, हे येथे मान्य केले पाहिजे.

या शास्त्रातील आधुनिक क्रांती १९७६ साली झाली. व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिची व्यवहार्य पद्धत शोधली. प्रत्येकाजवळ एक किल्ली जगजाहीर असते व दुसरी गुप्त. जगजाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर केवळ गुप्त किल्लीने उघडतो. उलट गुप्त किल्लीने केलेली स्वाक्षरी जगजाहीर किल्लीच्या साहाय्याने कोणीही तपासू शकतो. अशा रीतीने गुप्ततेच्या जोडीला ओळखीचा पुरावाही मिळाला.

ओळखीच्या पुराव्याची गरज आद्य ख्रिस्ती मंडळीसही भासली होती. आपल्या नावाने आलेल्या पत्रांनी घाबरून जाऊ नका, असा इशारा संत पौल थेस्सलनीकाकरांना देतो, आणि पत्राच्या शेवटी स्वतःच्या हाताने सलाम लिहून हीच प्रत्येक पत्रातील आपली खूण असल्याचे सांगतो (२ थेस्सल. २:२, ३:१७). पोपच्या कोळ्याच्या अंगठीचा उपयोगही पूर्वी पत्रांवर मुद्रा उमटविण्यासाठी होत असे. पोपच्या निधनानंतर ती अंगठी निकामी केली जाते. पोप फ्रान्सिस यांच्या निधनानंतर २०२५ साली हा विधी पार पडला. मालक गेल्यावर त्याची किल्ली कोणी वापरू नये, हा त्यामागील विचार कोणत्याही संगणकतज्ज्ञाला सहज उमजेल.

विश्वासाच्या दोन रचना

परंतु ही किल्ली खरोखर अमक्याचीच आहे, हे कोणी सांगावे? येथे दोन मार्ग निघाले. पहिल्यात एक मूळ अधिकारी असतो. तो इतरांना प्रमाणपत्र देतो आणि ते पुढच्यांना देतात. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीला मान्यता मिळाली, तीही याच रचनेवर उभी आहे. या मार्गातील धोका २०११ साली दिसला. नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी होऊन शेकडो बनावट प्रमाणपत्रे काढली गेली, इराणमधील लोकांच्या खासगी पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्यासाठी त्यांचा वापर झाला आणि काही आठवड्यांतच ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

दुसरा मार्ग फिल झिमरमन यांचा. सामान्य माणसाला आपला पत्रव्यवहार सुरक्षित ठेवता यावा म्हणून त्यांनी १९९१ साली 'पीजीपी' ही आज्ञावली खुली केली. तीत मूळ अधिकारी नाही. ओळखीचे लोक एकमेकांच्या किल्लीवर स्वाक्षरी करतात व त्यातून विश्वासाचे जाळे विणले जाते. अमेरिकेत त्या वेळी प्रबळ कूटलेखनाची निर्यात शस्त्रास्त्रांच्या निर्यातीसारखी गणली जात असल्याने झिमरमन यांच्यामागे चौकशी लागली. ती १९९६ साली मागे घेण्यात आली.

ख्रिस्तसभेची रचना पहिल्या प्रकारची, असे वरवर पाहता वाटते. इतिहास मात्र अधिक समृद्ध आहे. निकिया येथील विश्वपरिषदेने ३२५ साली असा नियम केला की नव्या बिशपच्या दीक्षेसाठी किमान तीन बिशप एकत्र यावेत, प्रांतातील इतरांनी लेखी संमती द्यावी आणि मुख्य बिशपने त्यास मान्यता द्यावी. आजही पोपच्या आज्ञेबरोबरच सामान्यतः तीन बिशपांचे हस्तारोपण लागते. वरून येणारी मान्यता व बाजूने मिळणारी साक्ष, या दोन्ही गोष्टी येथे एकत्र आहेत.

याच संदर्भात एक लक्षणीय गोष्ट सांगावीशी वाटते. आजच्या बहुसंख्य कॅथलिक बिशपांच्या दीक्षेची साखळी मागे मागे शोधत गेल्यास ती १५४१ साली बिशप झालेल्या शिपिओने रेबिबा यांच्यापर्यंत पोहोचते. त्यांना दीक्षा कोणी दिली याची नोंद सापडत नाही. म्हणजे कागदाची साखळी तेथे थांबते. प्रेषितीय परंपरेवरील आपला विश्वास तेथे थांबत नाही, कारण तो कागदावर उभा नसून, पिढ्यान्‌पिढ्या एकत्र प्रार्थना करणाऱ्या व साक्ष देणाऱ्या जिवंत समाजावर उभा आहे.

पडताळणीची सीमा

तरीही आज्ञावलीकार विचारील, अशा विश्वासाची गरजच काय? सर्व काही तपासून का पाहू नये? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच एका आचार्याने दिले आहे. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेले भाषण १९८४ साली प्रसिद्ध झाले. माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधनच दूषित असेल, तर मूळ आज्ञावलीची ओळ न् ओळ वाचूनही दगा सापडणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. कोठेतरी कोणा व्यक्तीवर विश्वास ठेवावाच लागतो, हे त्याचे सार.

२०२४ च्या मार्च महिन्यात याची प्रचिती आली. 'एक्सझेड' या जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा आढळला. तो ठेवणाऱ्याने टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदतनिसाचे सोंग घेऊन थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास संपादन केला होता. संगणकात प्रवेश मिळण्यास अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, याचा एका अभियंत्याने चिकाटीने शोध घेतला, म्हणून अनर्थ टळला. आज्ञावली सर्वांसाठी खुली होती, परंतु तिला वाचविले ते एका माणसाच्या कर्तव्यदक्षतेने.

आज्ञावली हाच कायदा, असे मानणाऱ्यांनाही २०१६ साली विचार करावा लागला. इथेरियम या आभासी चलनावर उभारलेल्या 'डीएओ' या सामाईक निधीतील त्रुटीचा फायदा घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर वळते केले. आज्ञावलीने ते करू दिले, म्हणून ती चोरी नव्हे, असा युक्तिवाद काहींनी केला. अखेर बहुसंख्यांनी नोंदवहीच बदलून पैसे परत मिळवून दिले; न पटलेल्यांनी आपली वेगळी साखळी चालू ठेवली. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, या आशयाची प्रभूची शिकवण (मार्क २:२७) अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

दोघांनी एकमेकांपासून काय घ्यावे?

येशूसंघीय धर्मगुरू अंतोनियो स्पादारो यांनी २०११ साली 'ला चिविल्ता कात्तोलिका' या नियतकालिकात हॅकर-नीती व ख्रिस्ती दृष्टी यांचा ऊहापोह केला. निर्मितीचा आनंद व ज्ञान वाटून घेण्याची वृत्ती या गोष्टी ख्रिस्ती मनाला जवळच्या आहेत. अधिकाराविषयीचा अविश्वास मात्र देवाकडून प्राप्त झालेल्या प्रकटीकरणापुढे अडखळतो, असा या चर्चेचा रोख आहे.

तपासून पाहणे हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे. पौलाचे म्हणणे खरे आहे की काय, हे पाहण्यासाठी दररोज शास्त्र धुंडाळणाऱ्या बिरुयाच्या लोकांची प्रेषितांच्या कृत्यांत स्तुतीच केली आहे (१७:११). सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेकडील सत्ता बहाल केल्याचे कथित दानपत्र बनावट आहे, हे लोरेन्झो वाला यांनी १४४० साली भाषेच्या पुराव्याने सिद्ध केले. पुढे त्यांना पोप पाचवे निकोलस यांच्या सेवेत घेण्यात आले. खोट्या कागदाचा आधार गेल्याने ख्रिस्तसभा कोसळली नाही.

गुप्ततेच्या प्रश्नावरही दोघांत जवळीक आहे. पापनिवेदनाची गुप्तता फोडणाऱ्या धर्मगुरूस १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने कठोर शिक्षा सांगितली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली खासगी जीवनाच्या संरक्षणाची गणना मानवी हक्कांत केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले.

मात्र एक भेद विसरता कामा नये. स्वाक्षरी खरी ठरली म्हणजे ती कोणाच्या किल्लीने केली, एवढेच सिद्ध होते. किल्ली बाळगणारा विश्वासास पात्र आहे की नाही, हे गणित सांगू शकत नाही. ख्रिस्तसभेतील अधिकारपदांनाही हे लागू आहे. दीक्षा वैध असूनही अधिकाराचा गैरवापर झाल्याची, त्यातून दुर्बलांना इजा झाल्याची उदाहरणे आपल्या काळात जगासमोर आली आहेत. अशा वेळी केवळ पदाकडे बोट दाखवून तरुणांचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

मंदिरात प्रश्न विचारणाऱ्यांना प्रभूने कोणतेही प्रमाणपत्र दाखविले नाही. राष्ट्रांचे अधिपती सत्ता गाजवतात, तुमच्यामध्ये मात्र जो मोठा होऊ पाहील त्याने सेवक व्हावे, हे त्याने शिष्यांना आधीच सांगितले होते (मत्तय २०:२५-२८), आणि अखेरच्या रात्री त्यांचे पाय धुऊन ते करून दाखविले. आपल्या धर्मग्रामातील एखादा तरुण आज्ञावलीकार अधिकाराविषयी प्रश्न विचारील, तेव्हा त्याला शांतपणे ऐकून घ्यावे, माहीत असेल ते सांगावे आणि माहीत नसेल ते मान्य करावे. त्याच्या पडताळणीस उतरेल असा पुरावा आपल्या सेवेतूनच त्याला मिळू शकेल, असे आम्हांस वाटते.