भाषेची पदवी आणि कचेरीची लेखणी

मराठी घेऊन बी.ए., एम.ए. करून पुढे काय करणार, हा प्रश्न आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून आता इतक्या सहजपणे विचारला जातो, की त्याला 'शिक्षक' या शब्दापलीकडे काही उत्तर असू शकते याचा विसरच पडला आहे. वस्तुतः आपल्याकडे आधुनिक पद्धतीचे भाषाशिक्षण सुरू झाले ते मुळी नोकरीच्या गरजेतून.

गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढले, ते कंपनीच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा याव्यात म्हणून. भाषेच्या परीक्षेत उतरल्याशिवाय जबाबदारीची जागा मिळू नये, हे त्यामागील सूत्र होते. मराठी शिकविण्याचे काम विल्यम कॅरी या मिशनऱ्याकडे आले. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश सिद्ध केला. या कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. साहेबाला अभंग वाचावयाचे नव्हते. त्याच्यापुढे येणारी पत्रे, करारमदार आणि हिशेब मोडीत असत. हेतू राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता, आपल्या कल्याणाचा नव्हे, हे खरेच. परंतु भाषा कोणत्या कामासाठी शिकवावयाची, याविषयी तेथे कोणाच्या मनात संदेह नव्हता.

तो संदेह विद्यापीठांबरोबर आला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि थोड्याच वर्षांत त्याच्या पदवी अभ्यासक्रमातून मराठी, गुजरातीसारख्या देशी भाषा वगळण्यात आल्या. मान राहिला तो संस्कृत, फारसी, लॅटिनसारख्या अभिजात भाषांना. त्याच विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव झाला. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जींच्या पुढाकाराने देशी भाषांचे एम.ए. सुरू झाले ते १९१९ साली. एवढ्या झगड्यानंतर मराठी आत आली खरी, पण ती काव्य-नाटक-कादंबरीच्या रूपाने. दफ्तर बाहेरच राहिले. टिप्पणी कशी लिहावी, मसुदा कसा करावा, भाषांतर कसे तपासावे, हे पदवीधराने हेडक्लार्काच्या हाताखाली शिकावे अशीच रीत पडली.

आपल्या बडोद्यात मात्र भाषेकडे निराळ्या नजरेने पाहिले गेले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात प्रजा बहुतांशी गुजराती, दरबारी मंडळी पुष्कळशी मराठी आणि वरचा पत्रव्यवहार इंग्रजी. भाषांतर हे येथे रोजचे काम होते. सयाजी साहित्यमालेतून गुजराती व मराठी ग्रंथ लिहून, भाषांतरित करून घेतले गेले. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची 'काव्यमीमांसा', १९१६ साली निघाला, तेव्हा हस्तलिखिते वाचून संपादन करणाऱ्यांना संस्थानाने आपल्या पदरी वाव दिला. या सर्वांचा कळस म्हणजे १९३१ सालचा 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू'. कारभारातील एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द मांडून, त्यांतला वापरण्याजोगा ठरविण्याचा हा उद्योग. महाराष्ट्राचे भाषा संचालनालय १९६० साली निघाले. बडोद्याचे काम त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीचे. असा कोश घरबसल्या होत नाही. त्याला भाषेचा पदवीधरही लागतो आणि कायदा, महसूल जाणणारा कारकूनही. किंबहुना एकाच माणसात दोन्ही असतील तर फारच उत्तम.

दुर्दैवाचा भाग असा की १९४९ साली, १ मे रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. म्हणजे शिकविणारी संस्था आली तेव्हा काम देणारा दरबार गेला. अभ्यासक्रमाने त्याची दखल घेऊन मराठीच्या विद्यार्थ्याला मोडीवाचन, गुजरातीतून मराठीत भाषांतर आणि दफ्तराची ओळख दिली असती, तर पदवीला स्थानिक बाजार मिळाला असता असे माझे स्पष्ट मत आहे. राज्य सरकारच्या सेवेत असताना जुन्या इनामाच्या प्रकरणात एखादा मोडी कागद पुढे आला, की वाचणारा शोधण्यातच महिना जाई. शेवटी सापडे तो एखादा वृद्ध गृहस्थ; एम.ए. झालेला तरुण कधीच नाही. त्या तरुणाला दोष कसा द्यावा? त्याला ते कोणी शिकविलेच नव्हते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ सालीच स्थान मिळाले आहे, म्हणजे ती आता संगणकावरही चालते. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती २०२३ सालची घटना. कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि हैदराबादेतील निजामकालीन दफ्तरापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत जुनी कागदपत्रे उघडली गेली. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मोडीचे छोटे वर्ग केलेल्या हौशी मंडळींना त्या दिवसांत कचेऱ्यांतून बोलावणी येऊ लागली.