पाणी गाळून पितो, मग काढा का नाही?



मागच्या आठवड्यात आमच्याकडे भिशी होती. एकीनं पर्समधून गुडघ्यांसाठीच्या कॅप्सूलची डबी काढली. जडीबुटीची आहे, काही अपाय नाही, असं तिचं म्हणणं. डबी हातोहात फिरली आणि प्रत्येकीनं एकच प्रश्न विचारला, "कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं तर नाही ना?" हिरवा ठिपका दिसला आणि सगळ्या निर्धास्त झाल्या. कवचाच्या आत काय आहे, ते कुणावर तपासलंय, किती दिवस घ्यायचं, हे कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

रात्री मला झोप आली नाही. आमच्याच घरात दोन वेळा असं घडलंय की मला हे विचारायला हवं होतं. म्हणून आज रेसिपी नाही, व्रताची माहितीही नाही. आज एका मुळाचा इतिहास सांगते, आणि शेवटी माझी एक चूक कबूल करते.

मी बी. कॉम. होऊन सोयगावच्या या घरात सून म्हणून आले. दोन-तीन वर्षांतच सासूबाईंना रक्तदाब निघाला. तेव्हा दाखवायला जळगावला जावं लागे. डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी लिहून दिली आणि सहज बोलले की हे औषध मूळचं आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं आहे. सासूबाईंचा कंदमुळाचा जन्मभराचा त्याग. त्या तिथंच थबकल्या. घरी आल्यावर महासतीजींना विचारलं, औषधाचा आगार ठेवला, आणि मगच गोळी सुरू केली.

दाब उतरला. सगळे खूश. पण वर्षभरानं सासूबाई गप्प गप्प राहू लागल्या. नाक सतत चोंदलेलं. पापडाच्या पिठावर कुणाचं लक्ष नसलं तरी ओरडणं नाही. प्रतिक्रमणाला बसायच्या आणि मधेच डोळ्यांतून पाणी यायचं. सासरे जाऊन फार दिवस झाले नव्हते, म्हणून आम्ही ते दुःखच समजलो. पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी कोणती गोळी चालू आहे ते पाहिलं आणि ती बदलली. दीड-दोन महिन्यांत सासूबाई पुन्हा मला रागावू लागल्या. त्या रागावण्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तेव्हापासून ते मूळ माझ्या डोक्यात राहिलं. नातवंडं शाळेत जाऊ लागल्यावर वेळ मिळाला, तशी मी त्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

सर्पगंधा हे लहानसं झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या पश्चिम घाटापर्यंत सापडतं. त्याचं मूळ आपल्याकडे शेकडो वर्षं तीन गोष्टींसाठी वापरलं गेलं: सापाच्या विषावर, झोप न येण्यावर आणि वेडावर. आजीबाईंच्या बटव्यात तिन्ही उपयोग एकाच पुडीत होते. त्यातला खरा कोणता आणि नुसता ऐकीव कोणता, हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की या मुळानं रक्तदाब उतरतो आणि मन शांत होतं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमा सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञानं मुळातली द्रव्यं वेगळी काढली. एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असं नाव दिलं.

पण त्याचा खरा हिशोब मांडला तो आपल्या मुंबईत. डॉ. रुस्तम जाल वकील हे पारशी हृदयरोगतज्ज्ञ. लंडनला शिकून ते 1938 मध्ये मुंबईला परतले. त्यांनी रक्तदाबाचे 50 रुग्ण निवडले. मुळाच्या गोळ्या लगेच सुरू केल्या नाहीत. आधी काही आठवडे नुसता दाब मोजून लिहून ठेवला, मग गोळ्या दिल्या आणि पुन्हा मोजला. बहुतेकांचा दाब उतरलेला दिसला. 1949 मध्ये हे सगळं ब्रिटिश हार्ट जर्नल या मासिकात छापून आलं.

आधी नुसतं मोजून का ठेवलं? मी कॉमर्सची, मला हे पटकन कळलं. आरंभीची शिल्लक लिहिली नाही तर वर्षाअखेर नफा झाला की तोटा, हे सांगणार कसं? दवाखान्याची सवय झाली, जरा विश्रांती मिळाली, कुणी आपुलकीनं चौकशी केली, एवढ्यानंही दाब थोडा उतरतो. तो उतार औषधाच्या खाती जमा होता कामा नये.

पुढं सगळं भराभर घडलं. अमेरिकेत बॉस्टनला डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून आपल्या रुग्णांवर औषध वापरून पाहिलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं झालं, रिसर्पीन. 1957 मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. परदेशातून मुळाला इतकी मागणी आली की झुडूपच नाहीसं होईल, म्हणून सरकारला निर्यातीवर बंधनं घालावी लागली.

आणि सापाचं विष? तो उपयोग कसोटीला उतरला नाही. साप चावला तर आज दवाखान्यात नेऊन सर्पविषविरोधी लसच द्यावी लागते. तांदूळ निवडताना खडा बाजूला पडतो, तसा तो बाजूला पडला. उरलेल्या उपयोगांचं मोल मात्र वाढलं. परंपरेला तपासलं म्हणून परंपरेचा अपमान झाला, असं मला कधी वाटलं नाही. सर्पगंधेला जगात मान मिळाला तो तपासल्यामुळंच.

आता दुसरी बाजू. 1950च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न होतात. किती जणांना, किती मात्रेनं, यावर पुढंही वाद चालू राहिला. पण सूचना लिहिलेली होती. सासूबाईंच्या आधी तीस वर्षं ती छापलेली होती. आमच्यापर्यंत मात्र पोहोचली नाही, आणि आम्हीही "या गोळीनं आणखी काय होऊ शकतं?" असं कुणाला विचारलं नाही.

दाब उतरला म्हणजे माणूस वाचला, असंही कुणी धरून चाललं नाही. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत 143 रुग्ण घेतले. 73 जणांना खऱ्या गोळ्या, त्यात रिसर्पीनही होतं. 70 जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. 1967 मध्ये निकाल आला. नुसत्या गोळीच्या गटात 27 जणांना गंभीर त्रास झाला, औषधाच्या गटात फक्त 2 जणांना. वाढलेल्या रक्तदाबावर औषध घेतल्यानं माणसं वाचतात, हे तेव्हा ठामपणे कळलं. एक गोष्ट मला टोचली. त्या 143 जणांत बाई एकही नव्हती.

बायकांची पाळी आली 1974 मध्ये. लॅन्सेट या इंग्लंडच्या मासिकात एकदम तीन अभ्यास छापून आले, की रिसर्पीन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. केवढी घबराट उडाली असेल! पुढं इतरांनी जास्त काळजीपूर्वक पाहिलं, तेव्हा तो संबंध टिकला नाही. तुलनेसाठी कोणत्या बायका निवडल्या, यातच चूक शिरली होती. म्हणजे औषधाची तपासणी एकदा करून संपत नाही. आपल्या अनेकांतवादाची मला इथं आठवण येते. एका बाजूनं दिसलेलं पूर्ण सत्य समजायचं नाही, "या अपेक्षेनं असं आहे" एवढंच म्हणायचं. एका अभ्यासानं भुलायचं नाही आणि एका अभ्यासानं भ्यायचंही नाही.

आता माझी चूक.

2020 मध्ये कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनीच काढे उकळले. गुळवेल, दालचिनी, मिरी. आपल्या गटावर गुळवेलीच्या काढ्याची कृती मीच टाकली होती. प्रमाण माझ्या अंदाजानं, आणि किती दिवस घ्यायचा ते लिहिलंच नव्हतं. खाली लिहिलं होतं, "नैसर्गिक आहे, अपाय नाही." माझ्या नणंदबाईंनी तो पाच महिने रोज घेतला. एक दिवस फोन आला, "वहिनी, डोळे पिवळे झालेत." डॉक्टरांनी आधी काढा बंद करायला लावला. दोन महिन्यांनी त्या बऱ्या झाल्या. कावीळ त्या काढ्यानंच झाली, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण कृती माझ्या हातची होती.

2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी अशाच 6 रुग्णांबद्दल लिहिलं. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले हे रुग्ण होते. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली: वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल. हरकत रास्तच होती. कुंपणावरून तोडलेली वेल कोणती, हे आपल्यातल्या कितीजणींना ओळखता येतं? मग 2022 मध्ये देशातल्या 13 रुग्णालयांनी मिळून 43 रुग्णांची माहिती मांडली. काहींनी घेतलेली वनस्पती तपासली, ती गुळवेलच निघाली. ज्यांच्या शरीराची स्वतःच्याच यकृताशी लढण्याची प्रवृत्ती असते, थायरॉइडसारखे आजार असतात, त्यांनी सांभाळायला हवं, असं त्यातून दिसलं. लाखो लोकांनी काढा घेतला आणि बहुतेकांना काही झालं नाही, हेही खरं. पण माझ्या नणंदबाईंना थायरॉइड आहे. कृती टाकताना मी तो प्रश्न विचारला नव्हता.

तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, औषधांच्या तपासणीत मुक्या प्राण्यांचा जीव जातो, मग ती आपण कशी मागायची? हा सल मलाही आहे. रिसर्पीनही प्राण्यांवर तपासलं गेलं. शक्य तिथं प्राण्यांशिवाय तपासणी व्हावी, हे आपण मागत राहिलंच पाहिजे. पण न तपासलेलं औषध घेतलं म्हणजे तपासणी टळली, असं होत नाही. ती तपासणी आपल्या घरातल्या माणसावर होते, फक्त तिची नोंद कुणी ठेवत नाही. नणंदबाईही जीवच आहेत. अहिंसेत त्याही येतात.

म्हणून आता मी डबी हातात घेतली की हिरव्या ठिपक्यानंतर पुढंही वाचते. चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांक असेल तर कायद्यानं ते अन्न आहे, औषध नाही. पूरक आहाराच्या डबीवर "औषधी वापरासाठी नाही" असं छापावं लागतं, शोधा, सापडेल. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत पाहते. ग्रंथात सांगितल्याप्रमाणं केलेल्या औषधाला परवान्यासाठी बहुधा नव्यानं सुरक्षेची चाचणी दाखवावी लागत नाही, हेही ध्यानात ठेवते. छापील काहीच नसलेली पुडी असेल तर हात जोडून परत देते. जे काही घेते ते वहीत लिहिते, कधी सुरू केलं आणि कधी बंद केलं, आणि डॉक्टरांना किंवा वैद्यांना ती वही दाखवते. चालू गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करत नाही, तुम्हीही करू नका.

भिशीतल्या त्या मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ती रक्त पातळ करायची गोळी घेते, हे मला माहीत होतं. डबी घेऊन डॉक्टरांकडे जाऊन ये, एवढंच सांगितलं. ती थोडी रुसली, पण जाते म्हणाली.

सासूबाई पाण्याचा घडा भरताना गळणं नेहमी दुहेरी करायच्या. पाणी स्वच्छ दिसत असलं तरी. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "दिसत नाही म्हणूनच गाळायचं." तो काढा मात्र मी न गाळताच तुमच्या ओंजळीत ओतला होता. 2020 ची ती कृती कुणाच्या वहीत अजून असेल तर खोडून टाका, आणि कुणाला त्यापासून त्रास झाला असेल तर मला मोकळेपणानं कळवा.

जाणता-अजाणता झालेल्या या चुकीबद्दल, मनापासून, मिच्छामि दुक्कडम्.