विडी, चूल आणि रक्ताची साक्ष

१९४१ सालीं परळास टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलें. २००२ सालीं त्याची संशोधनशाखा पनवेल तालुक्यांत, खारघरास आली. एक समज मात्र जागचा हलला नाहीं: फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे विडी ओढणाऱ्या पुरुषांचा रोग! वास्तविक आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण स्त्रियांनीं विडीला हातहि लावलेला नसतो. पुष्कळींनीं चुलीचा धूर मात्र वर्षानुवर्षें गिळलेला असतो. त्यांचा खोकला क्षयाचा समजून मोलाचे महिने निघून जातात.

१९९३ सालीं अँब्रोस व रुव्हकुन यांना एका सूक्ष्म कृमींत जनुकांना लगाम घालणारे ‘मायक्रो-आरएनए’ रेणू सांपडले. २०२४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. कर्करोगांत या रेणूंचें रक्तांतील प्रमाण बदलतें. ही साक्ष नित्याच्या निदानास अद्याप पुरेशी नाहीं. तोंवर निदान प्रश्न तरी बदलूं: “बाई, चूल पेटवितां का?”